दुसरी कॉइल

माझा दादा लाकडाशीसुद्धा बोलायचा. रंधा मारताना, कानस घासताना, पॉलिशचा बोळा फिरवताना त्याचं तोंड सुरूच असायचं. "चल बाळा, आता इकडची बाजू," असं तो गिटारीच्या पाठीला सांगायचा आणि पाठीनं काय उत्तर दिलं तेही स्वतःच बोलून दाखवायचा. गिऱ्हाईक आलं की मग तर विचारूच नका. नुसती चौकशी करायला आलेला माणूस चहा पिऊन, स्वतःच्या लग्नाची गोष्ट सांगून, वर एक गिटार नोंदवून जायचा.

आमच्या दुकानात दोन खोल्या. पुढची दादाची. तिथे फळ्या, पटाश्या, शिकंजे आणि सगळ्यावर भुशाचा थर. आतली माझी. तिथे वायरी, स्विच, मीटर, सोल्डरिंग आयर्न आणि एक जुना अँप्लिफायर. भुसा आणि सोल्डरिंग यांचं पटत नाही, म्हणून मधलं दार कायम बंद. दाराला वर काच आहे, तिच्यातून एकमेकांचं तोंड दिसतं. खाली छापखाना आहे, त्याची मोटार दिवसभर पायांखाली जाणवत राहते.

घरात आम्ही दोघंच. त्याच्या बडबडीपुढे कुणी टिकलं नाही आणि माझ्या फटकळपणाच्या वाटेला कुणी गेलं नाही, त्यामुळे दोघांचीही लग्नं राहिली. आई गेली तेव्हा मी शाळेत होते. घर एकदम रिकामं वाटू नये म्हणून दादा बोलत सुटला, तो थांबलाच नाही. मी रोज ओरडायचे, "दादा, जरा गप्प बस ना!" पण तो बाजारात गेला की मला काम सुचायचं नाही. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. डोक्यावर बसला असता.

एका सकाळी एक वयस्कर गृहस्थ आले. इस्त्रीचे कपडे, हातात पत्र्याची डबी. डबीत कापसात ठेवलेला एक हंबकर पिकअप होता, कुणीतरी हातानं गुंडाळलेला. त्यांना नवी गिटार करून हवी होती. मानेकडचा पिकअप आम्ही आमच्या पसंतीनं घालायचा, ब्रिजकडे, म्हणजे तारा खाली टेकतात तिथे, मात्र हाच बसवायचा, आणि दोन्हींना कॉइल सुटी करायचे स्विच लावायचे.

"फार दिवस नुसता पडून आहे," ते म्हणाले. "वाजता करा."

"अहो काका, असा वाजेल की शेजारी भांडायला येतील," दादा म्हणाला आणि त्यानं त्यांना खुर्चीत बसवलं. काका बराच वेळ बसले. दादा बोलत होता आणि ते ऐकत होते. असं मन लावून ऐकणारं गिऱ्हाईक दादाला फार दिवसांनी मिळालं होतं.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पिकअपमध्ये लोहचुंबक असतो आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे वेढे, म्हणजे कॉइल. वर गिटारीची तार थरथरली की कॉइलमध्ये वीज उमटते आणि अँप्लिफायर तिचा आवाज करतो. भानगड अशी, की कॉइल खोलीतली विजेची घरघरही ओढून घेते. पंख्याची, ट्यूबलाइटची, खालच्या मोटारीची. म्हणून हंबकरमध्ये शेजारी शेजारी दोन कॉइल ठेवतात, एकमेकींच्या उलट. दोघींतली घरघर एकमेकींना खाऊन टाकते आणि तारांचा आवाज तेवढा उरतो. पण काही वादकांना एकट्या कॉइलचा पातळ, टोकदार सूरही लागतो. त्यांच्यासाठी हा स्विच. वर केला की पहिली कॉइल, मधे ठेवला की दोन्ही, खाली केला की दुसरी. एकटीला ऐकायचं तर तिच्याबरोबर घरघरही पत्करावी लागते.

गिटार तयार झाली. जुन्या पिकअपच्या वायरींचे रंग उडाले होते, तेव्हा मीटर लावून कुठली वायर कुठल्या कॉइलची ते शोधलं, स्विच जोडले, तारा चढवल्या आणि दुपारी अँप्लिफायर लावला.

आधी मानेकडचा नवा पिकअप तपासला. त्याच्यात सगळं जिथल्या तिथे होतं. मग ब्रिजकडचा लावला. स्विच मधे होता. आवाज सुरेख, भरलेला. पण तारांवर तळहात ठेवून त्या थांबवल्या तेव्हा मी जरा चमकले. अँप्लिफायरची स्वतःची एक बारीक सूं असते, ती कधी जात नाही. तीसुद्धा गेली होती. मी वायर निघाली की काय ते बघितलं. वायर नीट होती.

स्विच खाली केला. साधी घरघर. दुसरी कॉइल ठीक.

स्विच वर केला. घरघर आली आणि तिच्या आतून दादा म्हणाला, "चल बाळा, आता इकडची बाजू."

मला हसूच आलं. असल्या पिकअपला आम्ही बोलका पिकअप म्हणतो. कॉइलचे वेढे सैल राहिले तर ती मायक्रोफोनसारखी वागते. जवळ कुणी बोललं की तिची तार हलते आणि ते बोलणं अँप्लिफायरमधून बाहेर पडतं. यात जगावेगळं काही नाही. उपायही ठरलेला आहे. कॉइल वितळलेल्या मेणात बुडवायची, मेण आत मुरलं की वेढे जागच्या जागी बसतात आणि बोलणं बंद.

मी दार उघडून दादाला बोलावलं. तो भुशानं माखलेला आत आला आणि लहान मुलासारखा पिकअपवर वाकून बोलू लागला. "हॅलो, हॅलो, छोटीबाई ऐकताय का?" अँप्लिफायरमधून ते स्वच्छ आलं.

"आता तू बोल," तो म्हणाला.

मी बोलले. काही नाही. पिकअपला ओठ टेकतील इतक्या जवळ जाऊन ओरडले. नुसती घरघर.

"बघ, त्यालासुद्धा कळतं कुणाचं ऐकावं," दादा म्हणाला आणि गाणं गुणगुणत बाहेर गेला. त्यानं दार लावलं. बंद दाराआडून मला त्याचं गुणगुणणं पुसट येत होतं. अँप्लिफायरमधून मात्र तो माझ्या कानाशी बसल्यासारखा ऐकू येत होता.

हे मला पटलं नाही. बोलका पिकअप जवळचं ऐकतो, माणूस निवडत नाही. आणि कॉइल सैल असेल तर स्विच मधे ठेवल्यावरही थोडंफार बोलणं यायला हवं होतं, तेही येत नव्हतं. संध्याकाळी मी काकांना फोन केला. म्हटलं, पिकअप बोलतोय, मेणात घालावा लागेल.

"बोलतो?" त्यांनी विचारलं. "कुणाच्या आवाजात?"

मी म्हटलं, "माझ्या भावाच्या."

मग ते म्हणाले, "बरं झालं. मग आणखी थोडे दिवस राहू द्या तुमच्याकडे."

त्यानंतर त्यांनी माझा फोन कधी उचलला नाही.

पुढच्या दोनचार दिवसांत दादाचा घसा बसला. भुसा गेला असेल म्हणून मी त्याला गरम पाणी दिलं, तोंडाला फडकं बांधायला लावलं. आवाज आणखी खाली गेला. डॉक्टरांनी घशात दिवा टाकून बघितलं. "काही नाही हो. सूज नाही, लाली नाही. आवाजाला जरा विश्रांती द्या," असं म्हणाले. दादानं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, म्हणजे तुझी बरेच दिवसांची इच्छा पूर्ण झाली. मला हसता आलं नाही. घरी जेवताना भांड्यांचे आवाज फार मोठे वाटत होते.

एके सकाळी तो लाकूड आणायला गेला. पुढच्या खोलीला कडी होती. मी ती गिटार बाकावर घेतली आणि का कोण जाणे, स्विच वर केला.

"ओलं दिलं बघ, छोटे," अँप्लिफायरमधून दादा म्हणाला. खणखणीत आवाज, घसा बसण्याच्या आधीचा. "डोळ्यांदेखत ओलं लाकूड गळ्यात मारलं त्या माणसानं. आणि मी तोंड उघडतोय, उघडतोय, आणि एक शब्द फुटेल तर शपथ."

मी वायर उपटली. मी स्टुलावर बसून स्वतःला समजावत राहिले. तांबं काही साठवून ठेवत नाही. रेडिओ पकडत असेल. मला भास झाला असेल, कारण मला त्याचा आवाज ऐकायचाच होता.

थोड्या वेळानं दादा आला. लाकूडवाल्याकडून आला की निदान चहा होईपर्यंत तो त्या माणसाचा उद्धार करायचा. आज त्यानं फळ्या भिंतीला टेकवल्या आणि माझ्याकडे न बघता रंधा हातात घेतला.

मी फळीवर तळहात ठेवला. ओली होती.

रविवारी खालचा छापखाना बंद असतो. दादा पुढच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी दुकानाचा मेन स्विच पाडला. पंखा थांबला, दिवे गेले. माझ्याकडे बॅटरीवर चालणारा एक छोटा अँप्लिफायर आहे, तो गिटारीला लावला. आता खोलीत वीजच नव्हती, म्हणजे घरघर यायला काही कारण उरलं नव्हतं. मी स्विच वर केला.

घरघर होतीच. मी स्पीकरला कान लावला आणि मला कळलं की ही विजेची घरघर नाही. ती थांबत होती आणि पुन्हा सुरू होत होती, मधे श्वास घेत होती. तोंड मिटून कुणीतरी गुणगुणत होतं. ते दादाचं गाणं होतं, ज्याचे शब्द त्याला कधीच पाठ झाले नाहीत.

काचेतून मी पुढच्या खोलीत बघितलं. तो तसाच बसला होता. त्याची पाठ हलत नव्हती.

मला भीती वाटली, असं म्हणणं फार कमी आहे. मी कात्री उचलली. कॉइलची तार एवढी बारीक की नखानं तुटली असती. पण तोडली तर आत जे आहे ते कुठे जाईल? ते बाहेर येईल, की संपेल? हे मला कुठलं मीटर सांगणार होतं? मी कात्री ठेवून दिली आणि पदरात तोंड घालून रडले.

दुसऱ्या दिवशी दादाचा आवाज पूर्ण गेला. कुजबूजसुद्धा नाही. खाणाखुणाही करेना. पूर्वी तो फळीवर बोटांनी टकटक करून कान लावायचा, लाकूड कसं वाजतं ते ऐकायचा. आता सरळ रंधा लावायचा. काम चोख होतं. मान वर केली की काचेपलीकडे तो उभा दिसायचा, माझ्याकडे बघत.

मी माझ्या परीनं विचार केला. माझा धंदाच जोडणी शोधण्याचा. कॉइल बोलायला लागली आणि दादाचा आवाज जायला लागला. जेवढं ती जास्त बोलली, तेवढा तो कमी. मग तिचं बोलणं बंद पडलं तर आवाज परत फिरेल. बोलक्या कॉइलला एकच उपाय आम्हाला शिकवलेला आहे. आज वाटतं, दुसरं कुणी असतं, ज्याला या कामातलं काही कळत नाही असं कुणी, तर ती गिटार घेऊन सरळ त्या काकांच्या दारात गेलं असतं. पण बोलणारी कॉइल समोर असताना मला मेणाशिवाय काही सुचलं नाही.

"दादा, मेणात घालते ती कॉइल," मी म्हटलं. "मग तू बरा होशील."

त्यानं होकारार्थी मान हलवली. लगेच.

ऊन पार बाकापर्यंत आलं होतं. मी तारा उतरवल्या, पिकअप बाहेर काढला, सोल्डरचे डाग सोडवले, तळाचे स्क्रू काढून पहिली कॉइल सुटी केली. दुसरीला हात लावला नाही. शेगडीवर पाण्याचं पातेलं, पाण्यात मेणाचं भांडं. मेण जास्त तापलं तर कॉइलचा सांगाडा वाकतो, म्हणून सावकाश वितळवायचं. दादा आत येऊन माझ्या मागे उभा राहिला. तो कधी आला ते कळलं नाही. दाराची कडी वाजली नाही.

मी चिमट्यात कॉइल धरून मेणात सोडली.

बुडबुडे येतातच. वेढ्यांमधली हवा बाहेर पडते आणि तिच्या जागी मेण जातं. बुडबुडे थांबले की काम झालं. हे मी किती वेळा केलं असेल. दर वेळी ते एकसारखे, बारीक धारेनं येतात.

हे तसे नव्हते.

आधी भराभर आले, एकावर एक. मग थांबले. मग एकच, मोठा. पुन्हा भराभर, पुन्हा थांबा.

दादा कुठलाही विनोद असाच सांगायचा. धावत यायचा, शेवटाच्या अलीकडे थांबायचा, माझ्याकडे बघायचा, आणि मग सोडायचा.

तो माझ्याशी बोलत होता.

मी चिमटा वर उचलला. उचलायला गेले. मागून दादाचा हात आला आणि माझ्या हातावर बसला. त्यानं चिमटा खाली दाबला.

"दादा, सोड!" मी ओरडले. "दादा, तो तू आहेस!"

हात हलला नाही. ज्या हातानं मला अक्षरं गिरवायला शिकवलं तोच हात, तेच अंगठ्यावरचे पटाशीचे वण. त्यात ऊब नव्हती.

बुडबुडे भराभर आले. मग विरळ झाले. मग एक आला, बराच वेळ पृष्ठभागाशी राहिला आणि फुटला.

त्यानंतर काही आलं नाही.

तेव्हा त्यानं हात सोडला.

मी कॉइल बाहेर काढली. मेण गोठून पांढरं झालं होतं. मी ते कापडानं पुसत होते, पुन्हा पुन्हा. ती तशीच पिकअपमध्ये बसवली, वायरी जोडल्या. घाईत बोट भाजलं. तो शेजारी उभा होता. त्यानं मला अडवलं नाही. उलट मोठा अँप्लिफायर त्यानंच लावून दिला.

मी स्विच वर केला.

घरघर नव्हती. गुणगुणणं नव्हतं. कोंदट शांतता होती, जाड गादी पसरलेल्या खोलीत असते तशी.

"दादा," मी म्हटलं. "दादा रे."

बराच वेळ गेला. मग फार आतून, फार हळू, माझ्या दादाचा आवाज आला. तो घाबरलेला नव्हता. त्याला फक्त काही कळत नव्हतं.

"छोटे," तो म्हणाला, "तुझ्या शेजारी कोण उभा आहे?"

मी शेजारी बघितलं नाही.

हात पुढे आला. त्यानं स्विच खाली, दुसऱ्या कॉइलवर टाकला, आणि माझ्या ओठांकडे बघत थांबून राहिला.